अतिरिक्त

'अतिरिक्त' हा शब्द कुणा प्राध्यापकाने आनंदाने उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मराठी विभागाचा कार्यभार घटला, तर आम्हा दोघांपैकी अतिरिक्त कोण ठरणार, हा प्रश्न दर वर्षी न बोलता आमच्यामध्ये येऊन बसतो. हाच शब्द अन्यत्र आश्वासक असू शकतो, हे आम्हाला परीक्षेच्या एका सकाळी कळले.

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडी आधी संगणकावर उतरवून घ्यावी लागते. त्या दिवशी ती उतरेना. वास्तविक संगणक-कक्षात राउटर दोन होते. एक निकामी झाला तर दुसऱ्याने काम उचलावे, यासाठीच. दुसऱ्याचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता आणि वर्गांत मुले कोऱ्या उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसली होती. अखेर मोबाइलच्या जोडणीवर प्रश्नपत्रिका आली. पेपर पाऊण तास उशिरा सुरू झाला.

दुपारी तरुण तंत्रज्ञ आला. "सर, पहिला राउटर मेला नव्हता, म्हणूनच घोळ झाला," तो म्हणाला. व्यवस्था हॉट स्टँडबाय राउटर प्रोटोकॉलची. १९९८ च्या आरएफसी २२८१ मध्ये तिचे वर्णन आहे. दोन राउटर मिळून एकच पत्ता धारण करतात आणि संगणकांना तेवढाच ठाऊक असतो. सक्रिय राउटर दर ३ सेकंदांनी 'हॅलो' अशी हाक देतो. १० सेकंद हाक आली नाही, तर राखीव राउटर त्याची जागा घेतो. त्या सकाळी तुटली होती ती बाहेर जाणारी तार. आतल्या आत पहिला इमानाने हाक देतच होता आणि दुसरा शिस्तीने गप्प होता. (हजेरीपटावर सही आहे, म्हणजे तास झाला, असे मानणारी व्यवस्था आम्हाला अगदीच अपरिचित नव्हती.)

पहिल्याची प्रायॉरिटी ११० होती, दुसऱ्याची १००. बाहेरची तार गेली की पहिल्याचे २० कापले जावेत, अशी योजना त्याने केली. "पण एवढ्याने भागत नाही, मॅडम. दुसऱ्याला 'प्रीएम्प्ट'ची आज्ञा दिली नाही, तर पहिला ९० वर आला तरी हा जागा मागणारच नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

आज्ञा दिल्यावर आम्हीच आग्रह धरला, की तार उपटून दाखवा. त्याने उपटली, काम क्षणभर अडखळून चालू राहिले. तार पुन्हा जोडून, सगळे पूर्ववत झाल्यावर त्याने पहिल्याची वीजच काढली. पडद्यावरची उत्तरे थांबली. आम्ही मनात आकडे मोजू लागलो. नऊ म्हणताना उत्तरे परतली.

मग कार्यभाराचा तक्ता भरायला आम्ही विभागात गेलो.