वर पळणाऱ्या घड्याळाचं गाव

बालमित्रांनो, नकाशात इटली शोधा बरं! बुटासारखा दिसतो ना हा देश? त्या बुटाच्या अगदी वरच्या टोकाला, तुरीन शहराच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी इव्रिया नावाचं छोटं शहर आहे. मधून डोरा बाल्तेआ नदी वाहते.

इथला आर्दुइनो १००२ साली इटलीचा राजा झाला. त्याचं राज्य काही टिकलं नाही. पुढे १९०८ मध्ये इथंच ऑलिव्हेटीचा टाइपरायटरचा कारखाना निघाला. आजोबांना विचारा, त्यांना ती खटखट आठवत असेल! या उद्योगनगरीला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

आपली गोष्ट मात्र २००१ मध्ये इथं सुरू झालेल्या एका डिझाइन संस्थेची. तिथले विद्यार्थी कलेत रमणारे. त्यांना आपल्या कलाकृतीत दिवे लुकलुकायला हवे होते, मोटर फिरायला हवी होती. पण त्यासाठी लागणारं इलेक्ट्रॉनिक्सचं सामान महाग आणि वापरायला किचकट!

मग २००५ मध्ये तिथले शिक्षक मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सोबत्यांनी तळहातावर मावेल असा निळा सर्किट बोर्ड तयार केला. किंमत सुमारे ३० डॉलर. संगणकावर चार ओळी लिहायच्या आणि तारेनं बोर्डात पाठवायच्या: दिवा लाव, एक सेकंद थांब, विझव, पुन्हा थांब. झालं! दिवा लुकलुकू लागतो. हाच प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा.

विद्यार्थ्यांनी काय केलं, ठाऊक आहे? छताला टांगलेलं गजराचं घड्याळ! ‘अजून थोडं झोपू दे’ म्हणून बटण दाबलं की घड्याळ आणखी वर जायचं. शेवटी उठावंच लागायचं!

पण संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. मग एवढं सगळं काम वाया जाणार? म्हणून त्यांनी बोर्डाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. गावातल्या एका पेयगृहाला त्या जुन्या राजाचं नाव होतं, तेच बोर्डाला दिलं: आर्दुइनो.

इव्रियातली ती संस्था आज नाही. आर्दुइनो मात्र जगभरच्या शाळांत पोचला. तेव्हा पालकहो, चित्रांत रमणाऱ्या मुलाला ‘यंत्रं हे तुझं काम नव्हे’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना इव्रियाची गोष्ट जरूर सांगा.