डेटा भारतात आहे, पण ताबा कोणाकडे?

‘क्लाउड’वर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, सोप्या भाषेत लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. सोपे करता येईल तेवढे करतो. पण पतसंस्थांच्या संगणक-तपासणीत एक वाक्य हमखास ऐकू येते, त्याला आधी उत्तर द्यायला हवे: “आमचा डेटा मुंबईच्या सर्व्हरवर आहे, देशाबाहेर जातच नाही.” हे खरे असले तरी पुरेसे नाही. माहिती कुठे ठेवली आहे हा एक प्रश्न. ती कोण बंद करू शकतो, कोण मागू शकतो, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याच प्रश्नावर समाधान मानले जाते, याची मला चीड येते. जुलै २०२५मध्ये नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीचे काय झाले ते पाहा. कंपनी भारतात नोंदलेली, मुख्यालय मुंबईत, मायक्रोसॉफ्टच्या सेवेचे पैसे भरलेले. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा असल्याने १८ जुलैला युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि काही दिवसांतच अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. निर्बंध भारताचे नव्हते, अमेरिकेचेही नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा महिनाअखेरीस सेवा परत सुरू झाल्या. अमेरिकेचा २०१८चा क्लाउड कायदा तर स्पष्टच सांगतो की वैध आदेश आला की तिथल्या कंपनीने आपल्या ताब्यातली माहिती द्यायची, मग ती कोणत्याही देशात साठवलेली असो. यावर ‘एन्क्रिप्शन आहे ना’ असे म्हणतात. आहे, पण माहिती सांकेतिक करणाऱ्या या कुलपाची किल्ली सेवा देणाऱ्याकडेच असेल, तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो: “बुलढाण्याच्या पतसंस्थेवर युरोप कशाला निर्बंध लावेल?” नाहीच लावणार. पण क्लाउडचे खाते पुष्कळदा संस्थेच्या नावावर नसून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या नावावर असते. त्याने बिल थकवले किंवा धंदा गुंडाळला, तरी परिणाम तोच. रिझर्व्ह बँकेचा ६ एप्रिल २०१८चा आदेश पेमेंटची माहिती भारतातच ठेवायला लावतो. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या खतावणीपर्यंत तो पोहोचत नाही. ज्या जिल्ह्यात बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था उभी राहिली, तिथे ठेवी, सोनेतारण, गोदामातल्या सोयाबीनवरचे कर्ज, सगळे अशा खतावणीतल्या नोंदींवरच चालते. कोणाचा किती माल तारण आहे, ही माहिती बाजारात किती मोलाची ठरेल, हे चिखली-खामगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कार्यालयातल्या जुन्या सर्व्हरपेक्षा क्लाउड सुरक्षितच. मान्य. कंपनी देशी असली म्हणजे धोका टळतो असेही नाही; जुलै २०२४मध्ये बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीला रॅन्समवेअरच्या, म्हणजे माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या, हल्ल्याचा फटका बसला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंटचे व्यवहार अडकले. म्हणून क्लाउड सोडा, असे मी म्हणत नाही. खाते संस्थेच्या नावावर घ्या, एन्क्रिप्शनची किल्ली स्वतःकडे ठेवा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी संपूर्ण प्रत नियमितपणे वेगळ्या जागी उतरवा आणि ती खरोखर उघडते का, हे तपासा. सभासदांनीही पुढच्या सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर एवढे विचारावे: क्लाउडच्या करारावर सही कोणाची आहे, आणि सेवा उद्या बंद पडली तर आमची खाती कुठून उघडणार?