पाठभेद आणि वंगण

'मॉडिफिकेशन' हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. सायलेन्सर काढून गल्लीची झोप उडवणारी मोटारसायकल, जमिनीला पोट घासेल इतकी खाली आणलेली मारुती, मागच्या काचेवर पंख पसरलेला गरुड, अशी काही चित्रे त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येतात. सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाने मोटारीकडे पाहिले ते बहुधा दोनच दृष्टींनी: ॲव्हरेज किती देते आणि विकताना किती येतील. या दोन्ही हिशेबांत न बसणारा एक उद्योग मी गेल्या हिवाळ्यात केला. मिशिगनमधील घराच्या गराजमध्ये १९९२ सालची एक वापरलेली माझदा मियाटा आणून ठेवली आणि पाच महिने तिच्यात स्वतःच्या हातांनी फेरफार करत बसलो. हौस म्हणून सुरू केलेल्या या कामाने हौस या कल्पनेविषयीच काही प्रश्न उभे केले. हा लेख त्या प्रश्नांचा आहे, पण गाडी सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाहीत.

मियाटाची जन्मकथा साहित्याच्या वाचकाला गंमतीची वाटावी अशी आहे, कारण तिच्या मुळाशी एक टीकाकार आहे. १९७९ साली माझदाचे केनिची यामामोतो यांनी बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराला विचारले, की आमच्या कंपनीने पुढे काय बनवावे? हॉलने उत्तर दिले, की साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांसारखी हलकी, उघडी, दोन माणसांची साधी स्पोर्ट्स कार आज कोणीच बनवत नाही, ती तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतःच माझदात दाखल झाला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. लोटस एलानसारख्या गाड्यांशी तिचे नाते उघड आहे. परंतु ज्या ब्रिटिश गाड्या तेल गाळण्यासाठी आणि पावसात बंद पडण्यासाठी ख्यातनाम होत्या, त्यांचे हे हिरोशिमात झालेले पुनर्लेखन रोज सकाळी निमूटपणे सुरू होत असे. अमेरिकेत आलेल्या पहिल्या मियाटात १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे इंजिन होते. वजन साधारण ९६० किलो. आजच्या मापाने ही शक्ती किरकोळच. पण गाडी घडवणाऱ्यांचे ब्रीद होते 'जिन्बा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. वेगापेक्षा वेगाची जाणीव त्यांना महत्त्वाची वाटत होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. टीकाकाराची सूचना इतकी फळल्याचे उदाहरण वाङ्मयात तरी मला चटकन आठवत नाही.

वापरलेली गाडी घेणे म्हणजे कोणीतरी आधीच वाचून, समासात लिहून ठेवलेले पुस्तक घेणे. माझ्या आधीच्या मालकाने पुष्कळ लिहून ठेवले होते. मूळचे स्टिअरिंगचे चाक काढून त्याने एक लहानसे, सुबक लाकडी चाक बसवले होते. गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंगची दोन-दोन वेढी चक्क कापून टाकली होती. डॅशबोर्डखाली कशाकशाच्या तारा जोडून सोडून दिल्या होत्या. आणि कुणी पाहणार नाही अशा जागी, डिकीच्या कडेला, पाणी निघून जाण्याच्या नळीत त्याने एक बारीक जाळी इतक्या निगुतीने बसवली होती, की ती पाहून त्या अनोळखी माणसाविषयी मला आदर वाटला. या गाडीचे कापडी छप्पर जिथे मागे मुडपते तिथून पावसाचे पाणी दोन नळ्यांतून खाली उतरते. त्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या, की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि आतून गंज धरतो. रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या या प्रदेशात तर तो आणखी लवकर धरतो. माझ्या गाडीचे ते पत्रे शाबूत होते, ते त्या जाळीमुळे.

आता प्रश्न असा, की यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे? जुन्या गाडीबाबत एक शुद्धतावादी पंथ आहे. कारखान्यातून निघाली तशी ती परत झाली पाहिजे, हे त्याचे मत. खुद्द माझदाने पहिल्या पिढीच्या या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा जपानमध्ये २०१७ साली जाहीर केली, तेव्हा या पंथाला अधिष्ठानच मिळाले. दुसरा पंथ म्हणतो, की गाडी तुमची आहे, हवे ते करा. मला दोन्ही टोके पटेनात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिची शिस्त मला अधिक जवळची वाटली. तिथे जे वगळले ते फेकून दिले नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले. मीही एक खोके केले. जे काढले ते चिठ्ठी लावून, तारीख घालून त्यात ठेवले.

पहिली चिठ्ठी लाकडी चाकाला लागली. ते फार देखणे होते आणि हातांत धरायला सुखद होते. परंतु अमेरिकेत विकलेल्या मियाटाच्या मूळ चाकात चालकाची एअरबॅग असते, आणि लाकडी चाकात अर्थातच ती नव्हती. माझी सात वर्षांची मुलगी शेजारच्या आसनावर बसण्याचे मनसुबे रचत होती. तिला इतक्यात तिथे बसवणार नाही हे ठरलेलेच होते, पण तिच्या बापाच्या छातीपुढे काय असावे याचाही निर्णय तिला स्मरूनच घ्यायचा होता. मूळ चाक आधीच्या मालकाने माळ्यावर जपून ठेवले होते आणि सौद्यात मला दिले होते. बॅटरीची तार सोडून, पुरेसा वेळ थांबून, ते परत बसवले. या गाडीची बॅटरी डिकीत असते, पुढचे-मागचे वजन समतोल राहावे म्हणून. ज्याने ही जागा ठरवली त्याच्या विचाराची दिशा अशा ठिकाणी कळते.

कापलेल्या स्प्रिंगांच्या जागी नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर घालायचे होते. गाडी किंचित खाली आली तर मला चालणार होते, पण खड्ड्यात आपटून ती कण्हायला नको होती. हे काम तसे सरळ. अवघड होते ते नंतरचे. चाकांचे कोन जुळवायचे, तर खालच्या दांड्यांचे लांब बोल्ट फिरले पाहिजेत. तेहतीस वर्षांत ते आपल्या नळकांड्यांशी गंजाने एकजीव झाले होते. जिन्बा इत्ताइचा हा अर्थ जपान्यांना अभिप्रेत नसावा. रोज रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारायचे आणि दुसऱ्या दिवशी पाना लावून पाहायचा, असा क्रम आठवडाभर चालला. ते हलेनात.

इथे माझ्या वडिलांचा प्रवेश होतो. अण्णा एसटीत फिटर होते, आधी आगारात आणि नंतर दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. तिथे केवळ दुरुस्ती होत नसे. कंपनीकडून चासी यायची, इंजिन आणि चाके असलेला नुसता सांगाडा, आणि त्यावर कार्यशाळेतली माणसे बसची सबंध काया उभी करायची. म्हणजे कंपनीने जिथे काम संपवले तिथून अण्णांचा दिवस सुरू होत असे. कामावरून आल्यावर ते अंगणातल्या दगडावर बसून आधी रॉकेलने, मग लाकडाच्या भुशाने आणि शेवटी लाइफबॉयने हात धुवायचे. पुस्तकाला किंवा आम्हा मुलांना त्याआधी शिवायचे नाहीत. मी कधी त्यांच्या पिशवीतला पाना उचलला, तर काही न बोलता तो हातातून काढून घ्यायचे. रागावून नव्हे. त्यांच्या आयुष्याचा एक संकल्प होता, की या मुलाच्या नखांत काळे जाऊ नये. तो सिद्धीस गेला. मी संगणकाच्या पडद्यापुढे बसून पगार मिळवतो.

गराजमधला पहिला फोटो पाठवला तेव्हा त्यांचे उत्तर आले, "ओव्हरटाइम मिळतो का?"

विनोदाला धार होती. मी हातात पातळ निळे मोजे घालतो. काम झाले की ते उलटे करून कचऱ्यात टाकतो, आणि माझी नखे पांढरीच राहतात. कंटाळा आला की दिवा मालवून घरात जातो. थंडी फार असेल त्या दिवशी जातच नाही. तेच वंगण, तोच जॅक, पाठीवर पडून काम करण्याची तीच आडवी अवस्था. परंतु ज्याला केव्हाही थांबता येते त्याच्या श्रमाला हौस म्हणतात, आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्या हौसेलाही श्रमच म्हणतात. अण्णांना त्या कामाची हौस असेल, ही शक्यता आम्ही घरातल्यांनी कधी गृहीतच धरली नव्हती.

ती असल्याचे हळूहळू उलगडले. माझे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसात. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते फोनच्या पडद्यावर यायचे. आताशा त्यांचे हात थरथरतात. मी फोन चाकाच्या कमानीत टेकवून ठेवायचो. बोल्टची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "सोडवायच्या घाईत आहेस तू. आधी आवळ. किंचित. कटकन आवाज येईल, मग सोड." चारांपैकी तीन बोल्ट त्या कटकन आवाजाने सुटले. चौथा कापावा लागला. "एवढं चालतं," ते म्हणाले, "एकाला गॅस-कटर ठरलेलाच असायचा."

इंजिन सुरू केल्यावर वरून बारीक टिकटिक येत असे. फोनवरून ती त्यांनी दोन क्षण ऐकली आणि निदान केले, "टॅपेट वाजतोय. गॅप बघ." मी सांगितले, की यात गॅप हाताने बसवायची नसते, तेलाच्या दाबाने टॅपेट आपोआप जुळते. ते बराच वेळ गप्प राहिले. फीलर गेजची पाती लावून हजारो टॅपेट जुळवलेला तो माणूस. मग म्हणाले, "म्हणजे तेल वरपर्यंत पोचत नाहीये. मळलं असेल. दोनदा बदल, थोडं थोडं चालवून." निदान अचूक होते. तिसऱ्या खेपेच्या तेलानंतर टिकटिक थांबली.

मग मी इग्निशनचे टायमिंग दहा अंशांवरून चौदा अंशांवर नेले. या गाडीच्या हौशी मंडळींत हा बदल सर्वश्रुत आहे. त्याला एकही नवा भाग लागत नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाचा सेन्सर किंचित फिरवायचा, टायमिंग-लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण पाहायची, आणि पुढे वरच्या प्रतीचे पेट्रोल भरायचे. कमी वेगातला गाडीचा आळस थोडा जातो. यात अण्णांना काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते टॉर्क रेंचचे. चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आवळावेत असे पुस्तक सांगते, आणि मी तो आकडा लावून टक् आवाज येईपर्यंत आवळतो. "आमचा आकडा मनगटात होता," एवढेच ते म्हणाले. त्यात अभिमान होता की नुसती माहिती, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

एक्झॉस्टला मी हात लावला नाही. धूर शुद्ध करणारी उपकरणे काढणे अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्यांची झोप होतीच. भारतात तर बंधन अधिक व्यापक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणीचे तपशील वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कठोरपणेच लावला. रस्त्यावरची बेफिकिरी पाहता यामागची काळजी समजते. तरीही त्यात एक गृहीत दडलेले आहे, की वस्तू पुरी करण्याचा अधिकार कारखान्याचा, आणि घेणाऱ्याने ती नुसती वापरावी. दापोडीच्या कार्यशाळेत, कायद्याच्या चौकटीतच, सांगाड्याची बस करणाऱ्या माणसांकडे पाहिले, की वस्तू कुठे पुरी होते याचे उत्तर इतके सोपे राहत नाही. उघडून पाहण्याचे, समजून घेऊन जबाबदारीने बदलण्याचे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. ते ज्या हातांत होते ते हात धुऊन घरात घ्यायचे असा रिवाज होता, आणि त्या हातांनी स्वतःच आपले ज्ञान मुलांपासून प्रेमाने दूर ठेवले.

एप्रिलात गाडी रस्त्यावर आली. ती फार वेगवान झालेली नाही. वळणावर आता ती आपला विचार आधी सांगते, आणि खड्ड्यात आदळत नाही. डाव्या पुढच्या दांड्याचा रबरी बुश पुढल्या हिवाळ्यात बदलायचा आहे. अण्णांनी त्याची आठवण दोनदा करून दिली आहे.

काढलेल्या भागांच्या खोक्यात मी एक वहीही ठेवली आहे. कोणता बोल्ट कुठल्या क्रमाने, कुठे आधी आवळायचा, कोणते तेल किती दिवसांनी, हे सगळे अण्णांच्या शब्दांत, त्यांच्या आगारी मराठीत लिहिलेले आहे. ही गाडी कधीतरी विकली जाईल. पुढच्या मालकाला ती वही वाचता येण्याचा संभव फार थोडा. तरी लाकडी चाकाबरोबर तीही त्याला द्यायची, असे ठरवले आहे.