पहिली मोटारसायकल

पहिली मोटारसायकल कुठली घ्यावी, असं चार माणसांना विचारलं की पाच उत्तरं मिळतात. ज्याच्या दारात जी गाडी उभी असते, तीच त्याला जगात उत्तम वाटते. दुसरा प्रश्न लगेच येतो, "अॅव्हरेज किती देते?" आणि तिसरा, "पिकअप कसा आहे?" शिकणाऱ्या माणसाला ती गाडी झेपणार का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मंडळी, तो प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्याच घरात उभा राहिला, म्हणून आज हे लिहायला बसलो.

माझी नात तेवीस वर्षांची. पुण्याहून नोकरीसाठी साताऱ्याला आली आणि आमच्याकडेच राहते. शेतातल्या मातीचे नमुने गोळा करायचं तिचं काम, त्यामुळे कास, बामणोली या बाजूच्या गावांना नेहमी जावं लागतं. एसटी मोजक्या. तिनं मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. जावईबापू म्हणाले, "मुलीच्या जातीला स्कूटर बरी." तिचे मित्र म्हणाले, "घेतेसच तर साडेतीनशे सीसीची घे, रस्त्यावर वजन पडतं." त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे 'आता मोठीच घेऊन टाक' म्हणणारे आणखी वाढले. आणि माझी लेक, म्हणजे तिची आई, फोनवर एवढंच म्हणाली, "आबा, तिला दोन चाकांवर बसू देऊ नका."

लेकीच्या त्या वाक्यामागचं कारण पुढे सांगतो. आधी थोडं माझं पुराण.

मी मोटारसायकल शिकलो ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९८६ साली. तोवर सायकल आणि एसटी. शाळा चौदा किलोमीटरवर. त्या काळी बाजारात मोठा पालट झाला होता. आधी आमच्याकडे राजदूत, येझदी आणि बुलेट ही तीनच घराणी. राजदूत दूधवाल्यांची लाडकी, कितीही कॅन लटकवा. येझदीची गंमत म्हणजे किक आणि गिअर यांची दांडी एकच. बुलेटचा गिअर तेव्हा उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात असायचा. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अशात दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या मदतीनं बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नसे.

माझा ओढा बुलेटकडे होता, हे खरं. पण आमच्या गावात एक वयस्क मिस्त्री होते. त्यांच्याकडे सल्ल्याला गेलो. त्यांनी दुरुस्तीला आलेली एक बुलेट अंगणातल्या गवतावर अलगद आडवी केली आणि म्हणाले, "गुरुजी, एकट्यानं उभी करून दाखवा." मी कमरेतून वाकून, ओढून, घामाघूम झालो. गाडी दीडशे किलोंच्या पुढची, जागची हलेना. मग त्यांनी शंभर सीसीची एक हलकी गाडी तशीच आडवी केली. ती कशी उचलायची तेही दाखवलं. आधी इंजिन बंद. मग गाडीकडे पाठ करायची, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीटखालची पकड धरायची, गुडघे वाकवायचे आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभं राहायचं. गाडी उभी राहिली! मिस्त्री म्हणाले, "शिकणारा पडणारच. पडलेली गाडी ज्याला उचलता येते, त्याला ती घाबरवत नाही." मी हीरो होंडा सीडी १०० घेतली. फोर-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नव्हती, हा वरचा फायदा. निवृत्त होईपर्यंत तिनं मला शाळेत पोचवलं.

आता लेकीच्या वाक्याकडे येतो. १९९९ साली माझा पुतण्या बारावी झाला. हुशार पोरगा, माझ्याच वर्गात मराठी शिकलेला. बापानं हौसेनं बक्षीस म्हणून एकदम ताकदीची गाडी दारात आणली. आधी कधी तो गिअरची गाडी चालवायला शिकला नव्हता. अकराव्या दिवशी संध्याकाळी एका वळणापलीकडे उसाची बैलगाडी उभी होती, मागे ना दिवा ना लाल कापड. सकाळी मी तिथं गेलो तेव्हा डांबरावर मागच्या चाकाचा लांब काळा पट्टा दिसत होता. पोरानं होता नव्हता तेवढा मागचा ब्रेक दाबला होता. तो अठरा वर्षांचा होता. माझी लेक तेव्हा वीस वर्षांची, त्याला राखी बांधणारी. तिला तो काळा पट्टा अजून दिसतो.

त्या पट्ट्याचा अर्थ मला आमच्या गणिताच्या सरांनी समजावला. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून सरळ, कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मागचाच जोरात दाबला तर ते चाक जाम होऊन घसरत जातं. आणि आपल्याकडे प्रत्येक शिकाऊला पहिला धडा काय देतात? "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, पालथा पडशील!" खरं म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत, हे अंगवळणी पडेपर्यंत मोकळ्या मैदानात करायला हवं. सरांनी आणखी एक हिशेब सांगितला. वेग चाळीसवरून साठ झाला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं. ताशी साठच्या वेगात माणूस सेकंदभर दचकला तरी तेवढ्यात सतरा मीटर पुढे जातो. ब्रेक त्यानंतर!

हा हिशेब फक्त आमच्या घरापुरता नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसं गेली आणि त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती. लेकीची भीती खोटी म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पण नातीचं कामही खोटं नव्हतं. ही पोरगी घाटात रोज कुणाच्या तरी मागे बसून जाणार, नाहीतर मिळेल त्या वडापमध्ये कोंबून. त्यापेक्षा तिनं नीट शिकून स्वतःची गाडी चालवणं मला बरं वाटलं.

म्हणून मी नातीला एकच अट घातली. गाडीचं नाव नंतर, आधी परीक्षा. दोघं तीन-चार दुकानं फिरलो. पहिली परीक्षा बसून. ती पाच फूट एक इंच उंचीची. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर पक्के टेकायला हवेत, कारण शिकाऊ माणूस पडतो तो बहुधा उभ्या उभ्या, चढावर किंवा वळवताना. दुसरी परीक्षा ढकलून. इंजिन बंद ठेवून गाडी मागे घ्यायची, वळवून लावायची. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचं वजन १९५ किलोंच्या घरात. ती मागे घेताना तिची दमछाक झाली आणि तिनं आपणहून मान हलवली. सव्वाशे सीसीपर्यंतच्या साध्या गाड्या ११० ते १२० किलोंच्या. तिसरी परीक्षा ब्रेकची. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. १२५ आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. विक्रेत्याला रंग किती आहेत हे विचारण्याआधी हे विचारायचं.

जावईबापूंच्या स्कूटरचाही विचार केला. गावात स्कूटर सोयीचीच. पण तिची चाकं दहा-बारा इंची, खड्ड्यात चटकन बसतात. साध्या मोटारसायकलची सतरा-अठरा इंची. शिवाय यवतेश्वरचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, नुसत्या ब्रेकवर भार राहत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे शूर वीर आमच्या जिल्ह्यात पुष्कळ, त्यांना दुरूनच नमस्कार!

शेवटी एक सव्वाशे सीसीची गाडी ठरली. मोठ्या गाडीच्या मानानं जे पैसे वाचले त्यातून आयएसआय शिक्क्याची दोन चांगली हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. दुसरं हेल्मेट मागे बसणाऱ्याचं, म्हणजे बहुतेक वेळा माझं. शिकाऊ परवाना आधीच काढला होता. पक्का परवाना मिळेपर्यंत ती रोज सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर दोन्ही ब्रेकचा सराव करायची. मी खडूनं रेघ मारून द्यायचो आणि गाडी रेघेच्या आत थांबली की हात वर करायचो. फळ्यावरचा खडू मैदानावर आला, एवढाच फरक.

जानेवारीत लेक आली. मैदानावर आली, पण बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीनं चाळीसच्या वेगात येऊन रेघेच्या हातभर अलीकडे गाडी थांबवली. मागचं चाक घसरलं नाही, जमिनीवर पट्टा उठला नाही. लेक वाकून ती जागा बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, "पुन्हा एकदा थांबवून दाखव." तिनं सात वेळा थांबवून दाखवली.

लेकीची भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती जाणारही नाही. कासच्या पठारावरचं धुकं आणि जांभ्याचा निसरडा चिखल अजून यायचाय. पण आता तिचा रात्रीचा फोन "पोचलीस का?" एवढ्यावर थांबत नाही. "आज किती वेळा जोरात ब्रेक लावावा लागला?" असंही विचारते, आणि नात खरं उत्तर देते. पहिल्या गाडीकडून यापेक्षा जास्त काय मागावं?

असो. तुमच्या घरात कुणी पहिली गाडी घेत असेल तर आधी तिच्यावर बसवा, ढकलायला लावा, जमल्यास गवतावर आडवी करून उचलायला लावा. नाव आणि रंग मग ठरवा. आणि तुमची पहिली गाडी कुठली होती तेही कळवा. राजदूतवाल्यांनी जरा सविस्तर लिहावं, ही विनंती!