तांबडी रेघ

आमच्या आत्याबाईंचें वय ८४. सारा जन्म सदाशिव पेठेंत गेला. तरी ‘पेनिसिलीन आमच्या पिंपरीचें’ हें त्या अशा थाटांत सांगतात, कीं तें जणूं त्यांच्याच चुलीवर शिजलें असावें. या अभिमानास आधार आहे. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. आमच्या वडिलांचा बाळपणींचा न्यूमोनिया त्याच इंजेक्शनांनीं हटला. तेव्हांपासून आमच्या घरीं या औषधास देवाच्या खालोखाल मान. ज्या शहरानें १८९७ चा प्लेग सोसला, त्यांतील घरानें असा मान द्यावा हें नवल नव्हे.

परवांच्या उन्हाळ्यांत आत्याबाईंच्या लघवींत जंतू सांपडले. ताप नाहीं, जळजळ नाहीं. डॉक्टर म्हणाले, “या वयांत पुष्कळ बायकांना असे जंतू असतात. त्रास नाहीं, तर औषध नाहीं.” आम्हांस ही निव्वळ हयगय वाटली. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानांतून, चिठ्ठीवांचून, लेव्होफ्लॉक्सासिनचें पाकीट आणलें. त्यावरील तांबडी रेघ आम्हांस दिसली होती. शिवाय १ मार्च २०१४ पासून अशा औषधांची नोंद दुकानदारानें निराळ्या वहींत ठेवावी असा नियम आहे. ती वही कोणीं उघडली नाहीं. आम्हीही विचारलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं टाचेमागची शीर इतकी दुखूं लागली, कीं आत्याबाईंस जिना उतरवेना. रात्रीं त्या आमच्या दिवंगत वडिलांस हांका मारूं लागल्या. डॉक्टरांनीं गोळ्या थांबविल्या. उतारवयांत मूत्रपिंडें मंदावतात, औषध शरीरांत रेंगाळतें. आणि साठीपुढील माणसांत या जातीच्या औषधानें ती शीर तुटण्याचा धोका अधिक, अशी ठळक ताकीद अमेरिकेंत २००८ सालींच छापावयास लावली होती, हें सारें आम्हांस तेव्हां कळलें. दुकानांत सहज मिळालेलें पेनिसिलीन अडाणी माणूस अपुऱ्या मात्रेनें घेईल व जंतूंस निर्ढावील, ही भीति फ्लेमिंगनें १९४५ च्या नोबेल-व्याख्यानांत बोलून दाखविली होती. तो अडाणी माणूस पदवीधर असेल, हें मात्र त्याच्या ध्यानीं आलें नसावें.

असो. आम्ही शहाणे झालों, आणि तेंच नडलें. श्रावणांत आत्याबाईंनीं जेवण टाकलें. दिवसभर डोळे मिटून बसत, वार विचारला तर चुकत. ताप नव्हता. “उगाच औषध नको,” म्हणून आम्ही दोन दिवस घालविले. तो न्यूमोनिया होता. म्हाताऱ्या माणसांस पुष्कळदां ताप येतच नाहीं. अन्न सुटणें आणि भान हरपणें हीच काय ती खूण. डॉक्टर एवढेंच म्हणाले, “तेव्हां कागद बदलला होता, आज माणूस बदललें आहे.”

आठ दिवसांनीं, हातांत सलाईनची सुई असतांनाच, आत्याबाईंनीं क्षीण आवाजांत विचारलें, “अरे, पिंपरीचेंच होतें ना?”

आम्ही होय म्हटलें. कुपीवर कोणत्या गांवाचें नांव आहे, तें आम्ही पाहिलेंच नव्हतें.