गोल पुलाच्या फोटोची गोष्ट

।। श्री ।।

कर्जत,
१० मे

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. जूनमधल्या तीन दिवसांच्या सुट्टीत झुरिकहून मिलानला मैत्रिणीकडे निघाली आहेस. थेट गाडी साडेतीन तासांच्या आत पोचवते. पण आपल्या हॉलमधल्या फोटोतल्या गोल पुलावरून जायचं, तर कूर, सेंट मॉरिट्झ, तिरानो असा वळसा पडतो आणि गाड्या बदलत जवळजवळ नऊ तास जातात. तीनातला एक दिवस प्रवासातच घालवावा का, असं तू विचारलंस. फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण त्या फोटोची गोष्ट तुला कधी नीट सांगितलेली नाही. ती वाच, मग ठरव.

तुला माहीतच आहे, माझी नोकरी गेली बोरघाटात. त्यातली चौदा वर्षं मी बँकरवर होतो. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून जी इंजिनं ढकलतात, ते बँकर. पुढचा ड्रायव्हर निदान रूळ आणि सिग्नल तरी बघतो. बँकरवाल्याच्या समोर असते ती गार्डच्या डब्याची पाठ. पावसाळ्यात ठाकूरवाडी, मंकी हिलला धबधबे कोसळायचे, डब्यातली माणसं दाराशी गर्दी करायची, त्यांचा ओरडा ऐकू यायचा. माझी नजर मात्र गेजवर आणि त्या पाठीवर. चौदा वर्षं घाट चढलो, पण प्रवासी म्हणून तो निवांत कधी पाहिला नाही.

२०१८ च्या जूनमध्ये मी आणि मामी युरोपला गेलो, तेव्हा आम्हालाही झुरिकहून मिलानलाच जायचं होतं. मी थेट गाडीच धरणार होतो, कारण मला गोटहार्डचा नवा बोगदा बघायचा होता. मामी म्हणाली, "बोगदा येताना बघू. जाताना एकदा तरी घाटातनं खिडकीत बसून चला." तिच्या त्या एका वाक्यावर आम्ही वळसा घेतला.

कूरला लाल रंगाची, मीटर गेजची छोटी गाडी लागते. पहिला टप्पा आल्बुलाचा. ही लाइन १९०३-०४ मध्ये सुरू झाली. फिलिसूर यायच्या आधी लांडवासरचा पूल येतो. पासष्ट मीटर उंचीचे दगडी खांब, सहा कमानी, आणि पूल चक्क वळणावर. पलीकडचं टोक कड्याच्या उभ्या भिंतीत घुसतं. पुलावरून उतरलेली गाडी जमिनीला लागतच नाही, सरळ बोगद्यात शिरते. पुढे बेर्ग्यूनपासून प्रेडापर्यंत दरी इतकी चढी आहे की गाडीला डोंगराच्या पोटात गोल गोल फिरवून वर न्यावं लागतं. सरळ रेषेत जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ दुप्पट रूळ. तेच खेड्याचं देवळासारखं चर्च एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी आणखी खाली गेलेलं असतं.

खरा घाट त्यानंतरचा, बर्निनाचा. सेंट मॉरिट्झ ते तिरानो, एकसष्ट किलोमीटर, १९१० मध्ये पुरा झाला. आपल्या बोरघाटाचा चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, आणि तेवढ्यासाठी आम्ही मागून इंजिनं लावतो. माथेरानच्या गाडीचा चढ वीसला एक. बर्निनाचा आहे चौदाला एक, आणि रुळांच्या मधे दातेरी पट्टी नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळाला धरून चढतं, बस. हे जमतं कारण लाइन पहिल्या दिवसापासून विजेवर आहे, गाडी आखूड आणि हलकी आहे. मी पहिला तासभर बाहेर बघितलंच नाही. मोटरचा आवाज ऐकत होतो. मामीने शेवटी हात धरून मान खिडकीकडे वळवली.

खिंडीच्या माथ्यावर ओस्पिझिओ बर्निना हे स्टेशन २,२५३ मीटरवर आहे. तिथे रुळाला लागून एक पांढुरकं तळं आहे, लागो बियांको. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने त्याला तो रंग येतो. त्याच्या अलीकडे एक छोटं काळं तळं आहे. काळ्या तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळतं आणि काळ्या समुद्राला जातं. पांढऱ्याचं पाणी आद्दा आणि पो नद्यांतून एड्रियाटिकला जातं. दोन्ही तळी हाकेच्या अंतरावर. मला एकदम आपला लोणावळा आठवला. एका अंगाला पडलेला पाऊस इंद्रायणीतून भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या अंगाचा उल्हासमधून अरबी समुद्राला. ज्या पाणलोटावर आयुष्य काढलं त्याचाच सख्खा भाऊ मला तिथे भेटला, बेटा. मी मामीला ते सांगायला लागलो आणि माझा आवाज भरून आला.

तिथून पुढे नुसता उतार. अडतीस किलोमीटरमध्ये गाडी अठराशे मीटर खाली येते. वर जूनमध्येही बर्फाचे पट्टे होते, खाली आलो तेव्हा चेस्टनटची झाडं आणि द्राक्षांचे मळे. कूरला पाट्या जर्मन, मधल्या गावांत रोमान्श, खिंड उतरली की इटालियन. पोशाख, घरांची छपरं, स्टेशनवरच्या माणसांची बोलण्याची पट्टी, सगळं डोळ्यांदेखत पालटत जातं.

आणि मग ब्रुझिओचा तो पूल. दरी अरुंद, उतार जास्त, गाडीला उंची कमी करायला जागाच नाही. बोरघाटात हाच पेच खंडाळ्याजवळ आला होता. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी तिथे थांबायची आणि उलट्या दिशेने निघायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, तेव्हा ते बंद झालं. ब्रुझिओला त्यांनी रूळच गोल फिरवले. नऊ कमानींच्या पुलावरून गाडी येते, मोकळ्या कुरणात पूर्ण चक्कर घेते आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून निघून जाते. आमच्या साध्या गाडीची खिडकी खाली ओढता येत होती. मामीने हात बाहेर न काढता नुसता कॅमेरा काचेच्या कडेला टेकवला आणि फोटो घेतला. कोपऱ्यात अस्पष्ट दिसतो तो माझा खांदा. चौदा वर्षं घाटात काम केलेल्या माणसाचा घाट बघतानाचा तेवढा एकच फोटो आहे. म्हणून तो हॉलमध्ये आहे.

येताना आम्ही गोटहार्डच्या बोगद्यातून आलो. सत्तावन्न किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, २०१६ मध्ये सुरू झालेला. त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी तो खणला त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण वीसेक मिनिटं काचेत आपलेच चेहरे दिसतात आणि आल्प्स ओलांडून झालेले असतात. काम असेल तर तोच रस्ता बरोबर.

आता तुझा प्रश्न. सगळाच वळसा घेण्यासारखा नसतो. पोचायची वेळ ठरलेली असेल, हवा ढगाळ असेल, दिवस लहान असेल आणि अर्धा घाट अंधारात जाणार असेल, तर थेट गाडीने जा, मनाला लावून घेऊ नकोस. पण जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आदल्या रात्री हवामान बघ. आभाळ मोकळं असेल तर सकाळी सातच्या आत झुरिक सोड. आरक्षण सक्तीचं असलेल्या पॅनोरमा गाडीच्या मागे लागू नकोस, तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवरून साधी गाडी जाते, तिला जास्तीचे पैसे पडत नाहीत. पासपोर्ट आणि तिथलं राहण्याचं कार्ड जवळ ठेव, कारण तिरानो इटलीत आहे. तिथलं इटालियन स्टेशन शेजारीच आहे. कागदी तिकीट घेतलंस तर चढण्याआधी मशीनमध्ये छापून घे. मिलान तिथून अडीच तास. परत येताना थेट गाडी धर, म्हणजे दोन्ही रस्ते बघून होतील.

मैत्रिणीला रात्रीच्या जेवणाला पोचते म्हणून कळव. एक दिवस जाईल हे खरं, पण तो तुझ्या हिशेबात जमेच्या बाजूला लागेल. माझं उत्तर हो आहे. कूरला गाडीत चढलीस की उजवीकडची खिडकी धर.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा