डबा, खोली आणि अण्णा

सोलापूरच्या एसटी स्टँडवर सकाळी नऊच्या सुमाराला कॉलेजच्या पोरांची गर्दी व्हायची. गाडी फलाटाला लागली की पोरं थेट ड्रायव्हरच्या केबिनपाशी जायची. तिथं कापडी पिशव्यांत बांधलेले डबे असत आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मोहोळ, अक्कलकोटकडच्या पोरांचे डबे रोज येत. आमचं वेळापूर पडलं शंभरेक किलोमीटर लांब, माळशिरस तालुक्यात. अकलूजहून सुटलेली गाडी पंढरपूर करत यायची, त्यामुळं आमचा डबा अधूनमधूनच. पण आला की त्यात चार दिवस टिकेल एवढं असायचं: ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आईनं कोपऱ्यात दडवलेला गूळ. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली.

खोलीत आम्ही पाच जण. कुणाचाही डबा आला तरी तो सगळ्यांचा. वर्तमानपत्र पसरून मधोमध डबे उघडले जायचे. खोलीमालकाची परवानगी नसली तरी स्टोव्हवर पिठलं व्हायचं. त्या काळात मनाच्या आरोग्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तरी एक गोष्ट मात्र आपोआप घडायची. जो जेवायला बसला नाही, तो लगेच दिसायचा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकाचे दोन विषय राहिले. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, सगळी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि निकालही तिकडूनच यायचे. निकालानंतर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. डबा आला तरी उठेना. शेजारच्या खोलीत सांगोल्याकडचा एक जण होता, आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला सगळे अण्णाच म्हणायचे. अण्णानं आपली वळकटी उचलली आणि त्याच्या शेजारी आणून टाकली.

"अण्णा, मला एकट्याला राहू दे."

"राहा की. मी नुसता इथं बसतो."

अण्णा खरंच नुसता बसायचा. संध्याकाळी त्याला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती फिरायला जायचा. त्या मुलाच्या वडिलांचा धाक माहीत होता म्हणून अण्णानं पत्र त्याच्या मामाला लिहिलं. शनिवारी त्याच्याबरोबर गाडीत बसून त्याला गावी पोचवलं आणि सोमवारी परतही आणलं. ऑक्टोबरच्या परीक्षेत त्याचे दोन्ही विषय सुटले. पुढं तो शिक्षक झाला. अण्णाला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. घरात चार भावंडं, वस्तीवरची माणसं आणि दरवर्षी आषाढीला गावातून जाणारी वारी एवढंच त्याचं शिक्षण.

वारीचा उल्लेख ओघात आला नाही. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं मानतात. माउलींच्या पालखीबरोबर आजही वारकरी तिथून धावतात. त्याला धावाच म्हणतात. लहानपणापासून आम्ही बघत आलोय, की त्या धावण्यात कुणी मागं राहिलं तर शेजारचा त्याचा हात धरतो. दिंडीत कोण चालत नाही, कोण जेवलं नाही, हे विणेकऱ्यापासून स्वयंपाक करणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. वसतिगृहाला हेच वळण कर्मवीर भाऊराव पाटलांनी लावलं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. तिथं मुलं एकत्र शिजवायची, एकत्र जेवायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आमच्या पिढीच्या खोल्यांवर या सगळ्याची सावली होती.

पण तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. अण्णा सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. एका वर्षी दिवाळीला गावी गेलेला एक मुलगा परत आलाच नाही. घरच्यांनी अपघात सांगितला, आम्ही मान डोलावली आणि त्याची ट्रंक गाडीवर चढवून दिली. त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा गुन्हा होता, त्यामुळं वाचलेलाही पोलिसांच्या भीतीनं गप्प बसायचा. मुलींचे हाल आणखी वेगळे. मुलगी गप्प गप्प झाली की तिला बाहेरचं काही लागलं म्हणायचे आणि शिक्षण थांबवून लग्न लावून द्यायचे. आम्हाला दिसायचं, पण दिसल्यावर न्यायचं कुठं, हे अण्णालाही माहीत नव्हतं. त्याच्याकडं माया होती, धीर होता, पण आजार ओळखायची विद्या नव्हती.

आज आमच्या माळशिरस तालुक्यातली पोरं कुठं आहेत? २००४ पासून जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ आहे, त्यामुळं काही सोलापुरात. काही पंढरपूरला इंजिनिअरिंगला. आणि फार मोठी संख्या पुण्याच्या पेठांमध्ये, स्पर्धा परीक्षेसाठी, कॉट बेसिसवर. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. मेसच्या ताटावर कोण आलं नाही, याची नोंद फक्त महिन्याच्या हिशेबात होते. पलीकडच्या कॉटवरचा स्पर्धक असतो, शिवाय तीन महिन्यांत तो बदलतो. घरी रोज फोन होतो, पण फोनवर "जेवलास का?" या प्रश्नाला "हो" म्हणणं फार सोपं असतं. जाहिरात लांबते, परीक्षा पुढं ढकलली जाते, वय वाढतं, गावाकडं धाकट्याचं लग्न ठरतं. या पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण बघून माझा जीव तुटतो.

आणि तरीही आमच्याकडं नव्हतं ते यांच्याकडं आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्री दोन वाजताही मराठीत बोलणारं माणूस भेटतं, तेही फुकट. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता त्याच्यावर उपचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितला. चांगलंच झालं. पण हजार-दोन हजार पोरांमागं एक समुपदेशक, त्याच्या दारापर्यंत पाऊल टाकणार कोण? आतून खचलेला मुलगा सहसा स्वतःहून जात नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं, आणि ते कुणीतरी बहुधा त्याच्याच वयाचं असतं.

म्हणून मला शिकवून तयार केलेल्या अण्णांची गरज वाटते. हे काही अशक्य नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थ्यांनीच चालवलेला रात्रीचा फोन सुरू झाला आणि तिथून ही पद्धत इतर विद्यापीठांत गेली. आपल्याकडं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पानं गावातल्याच साध्या माणसांना ऐकून घ्यायला आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत न्यायला शिकवलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून 'मानसमित्र' उभे राहिले, भावनिक प्रथमोपचार शिकलेले. अशा अण्णांनी शिकायचं ते एवढंच: मध्ये न बोलता ऐकायचं, सल्ल्याची घाई करायची नाही, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. गुपित राखायचं, पण जिवाला धोका दिसला तर एकट्यानं ओझं न वाहता लगेच मोठ्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं. ही शेवटची गोष्ट अण्णाला कुणी सांगितली असती, तर त्याच्याही रात्री जरा सोप्या गेल्या असत्या.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आपल्या कॉलेजांत आहे. तिची पोरं वारीत स्वच्छतेला राबतात, गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करतात. त्या सातांपैकी दोन दिवस या प्रशिक्षणाला द्यावेत, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना शिकवायला बोलवावं, आणि शिकलेल्या मुला-मुलींची नावं जूनमध्येच प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर, १४४१६च्या शेजारी, लिहावीत. अकलूज, पंढरपूर, सोलापूर, कुठूनही सुरुवात होऊ शकते.